परग्रहस्थ बुद्धिमान् जीव व समकालत्वाचा प्रश्न

१. पृथ्वीवांचून अन्यत्र बुद्धिमान् जीव आहेत काय, याचा निकाल ज्योतिषशास्त्र व जीवशास्त्र यांतील पंडितांनीं करावा. इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत या प्रश्नास जागा कां द्यावी, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. आमचें उत्तर असें कीं, या एका प्रश्नाच्या पोटांत तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. असे जीव विश्वांत कोठें तरी आहेत किंवा होते काय, हा पहिला. ते कधीं येथें येऊन गेले काय, हा दुसरा. आणि आपण हयात असतां तेही आपल्या बरोबरीनें नांदत आहेत काय, हा तिसरा. पहिला प्रश्न शास्त्रज्ञांचा. दुसरा सर्वस्वीं पुराव्याचा, म्हणजे आपला. तिसरा कालगणनेचा, म्हणजे निम्म्याहून अधिक आपलाच. हे तीन प्रश्न एकांत एक कालविले गेल्यामुळें या विषयांत फार गोंधळ माजला आहे. प्रस्तुत लेखांत ते वेगळे करून विशेषतः तिसऱ्याचा विचार करण्याचें योजिलें आहे. उदाहरणें होतां होईल तों मुलचेऱ्याच्या आसपासचीं, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यांतलीं व त्याच्या शेजारचीं घेतलीं आहेत; कारण गेल्या कांहीं वर्षांत या अरण्यप्रांतानें या विषयास अनपेक्षित सामग्री पुरविली आहे.

२. प्रथम दुसरा प्रश्न घेऊं. शके १९४४ च्या चैत्र शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे २ एप्रिल २०२२ रोजीं, सायंकाळीं पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, मध्यप्रदेश व गुजराथ येथील आकाशांत जळत्या रेघा सरकत असलेल्या असंख्य लोकांनीं पाहिल्या. त्याच वेळीं चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी या गांवीं सुमारे तीन मीटर व्यासाचें धातूचें एक कडें आकाशांतून पडलें. पुढें त्याच तालुक्यांत धातूचे गोळेही सांपडले. सुदैवानें कोणासही इजा झाली नाहीं.

या कड्याचा निवाडा कसा झाला, तें आपल्यासारख्यांनीं पाहण्याजोगें आहे. वस्तु गुप्त राहिली नाहीं; ती पोलीस ठाण्यांत जमा झाली, व इस्रोच्या तज्ज्ञांनीं येऊन तिची पाहणी केली. धातु घडविलेला होता. अर्थात् कर्ता बुद्धिमान् होता याविषयीं वादच नव्हता. तो कोण, एवढाच प्रश्न होता. त्याचें उत्तर निव्वळ वस्तूकडे पाहत बसल्यानें निघालें नसतें. तें दुसऱ्या एका स्वतंत्र नोंदींतून निघालें. पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या मानवनिर्मित वस्तूंचीं टिपणें ठेविलेलीं असतात. त्यांशीं वेळ व मार्ग ताडून पाहून जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनीं असें मत दिलें कीं, फेब्रुवारी २०२१ मध्यें चीननें सोडलेल्या लाँग मार्च ३-ब या अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा असावा. मिती नसलेल्या मोडी पत्राचा काल ठरवितांना आपणही हेंच करतों. पत्रांतील एखादी घटना दुसऱ्या दप्तरांतील मितीच्या कागदाशीं जुळवून पाहतों. हें कडें दोनशें वर्षांपूर्वीं पडतें व टिपणें नसतीं, तर एखाद्या बखरींत ‘आकाशांतून चक्र पडलें’ एवढेंच वाक्य उरलें असतें, आणि त्यावर आज आपण वाटेल त्या कल्पना लढवीत बसलों असतों.

३. दुसरें उदाहरण पूर्वेकडील शेजाऱ्यांचें आहे. जुलै २०१४ मध्यें छत्तीसगडांतील कांकेर जिल्ह्याच्या चारामा भागांत, चंदेली व गोटीटोला या गांवांजवळ असलेल्या शैलचित्रांविषयीं एक वार्ता वर्तमानपत्रांत आली. नाक व तोंड न दाखविलेल्या आकृति आणि तीन पायांची तबकडीसारखी एक वस्तु, हीं परग्रहस्थांचीं व त्यांच्या यानाचीं चित्रें असूं शकतील, आणि तीं दहा हजार वर्षांपूर्वींचीं असावीं, असें राज्याच्या पुरातत्त्व विभागांतील एका अधिकाऱ्यांनीं सुचविलें होतें. ‘रोहेला’ नांवाचे लहान चणीचे लोक गोल वस्तूंतून खालीं उतरले व गांवांतील एकदोघांस घेऊन गेले, अशी कथा तेथें सांगतात, असेंही त्या वृत्तांत होतें.

या अनुमानास तीन आक्षेप आहेत. पहिला असा कीं, चेहऱ्यावरील अवयव गाळून मनुष्याकृति काढणें हा शैलचित्रांतील सामान्य प्रघात आहे. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनीं १९५७ मध्यें भीमबेटका उजेडांत आणलें. तेथील चित्रांत निव्वळ चार रेघांचीं माणसें पुष्कळ आहेत, व त्यांस कोणी परग्रहस्थ म्हणत नाहीं. दुसरा आक्षेप कालाविषयींचा. रंगद्रव्याची परीक्षा किंवा थरांचा आधार यांवांचून केवळ शैलीवरून सांगितलेला काल हा तर्क होय, मिती नव्हे. तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. चित्र व कथा हे दोन पुरावे दिसतात खरे. परंतु कथा चित्राहून स्वतंत्र आहे, कीं चित्र पाहूनच ती पुढें रचली गेली? दोन साक्षीदार एकमेकांचें ऐकून बोलत असतील तर ते दोन नव्हेत, एकच. शिवाय चित्रकारानें काढलें म्हणून त्यानें तें डोळ्यांनीं पाहिलें असें होत नाहीं. कीर्तिमुखें व व्याल देवळोदेवळीं कोरलेले आहेत. म्हणून ते प्राणी अरण्यांत हिंडत होते असें मानण्याचें धाडस कोणी करीत नाहीं. राजवाड्यांनीं अस्सल कागदाचा जो आग्रह आपणांस लावून दिला, तो खडकावरील चित्रासही लागू आहे. त्या कसोटीवर, परग्रहस्थ येथें येऊन गेल्याचा एकही अस्सल पुरावा आजवर पुढें आलेला नाहीं.

४. आतां पहिला प्रश्न. येथें आपल्या ग्रंथांतील एक स्थळ फार बोधप्रद आहे. शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें रचिलेल्या सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायांत भास्कराचार्यांनीं, चंद्राच्या वरच्या म्हणजे आपणांस न दिसणाऱ्या अंगावर पितर राहतात, हें परंपरागत मत स्वीकारून त्यांचा दिवस गणितानें काढिला आहे. आपल्या अमावास्येस सूर्य त्यांच्या माथ्यावर येतो, म्हणून तो त्यांचा मध्याह्न. आपली पौर्णिमा ही त्यांची मध्यरात्र. दुसऱ्या गोलावर उभ्या असलेल्या द्रष्ट्यास आकाश कसें दिसेल, याचा हा विचार मोठा मनोवेधक आहे. यूरोपांत केप्लरनें चंद्रावरील रहिवाशांच्या दृष्टीनें असाच विचार केला, व त्याचा तो ग्रंथ त्याच्या पश्चात् १६३४ मध्यें, म्हणजे भास्कराचार्यांच्या नंतर ४८४ वर्षांनीं, छापला गेला.

परंतु या स्थळांत दोन गोष्टी वेगळ्या पाडल्या पाहिजेत. मध्याह्नाचें गणित भास्कराचार्यांचें आहे. वस्तीचें विधान आगमांतून आलेलें आहे. ऑक्टोबर १९५९ मध्यें रशियाच्या ल्यूना-३ या यानानें चंद्राच्या त्या अंगाचीं पहिलीं छायाचित्रें घेतलीं, तीं अमावास्येनंतर थोड्याच दिवसांनीं, तें अंग बहुतांशीं उन्हांत असतांना. गणित आजही तंतोतंत खरें आहे. पण त्यावरून वस्ती पूर्वींही सिद्ध होत नव्हती व आजही होत नाहीं. घराचें क्षेत्रफळ मोजतां आलें म्हणून घरांत कोण राहतो तें कळत नाहीं.

आजच्या शास्त्राची स्थिति याहून फार निराळी नाहीं, फक्त घरांची गणती अतिशय वाढली आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा पहिला परग्रह १९९५ मध्यें सांपडला. २०२५ सालीं अशा परग्रहांची नोंद सहा हजारांवर गेली. आपल्या आकाशगंगेंत तारे निदान दहा हजार कोटि मानले जातात. एवढ्या विस्तारांत पृथ्वी हेंच एक वसलेलें घर असेल, हें मानणें कठीण आहे. मात्र कठीण वाटणें हा पुरावा नव्हे. या बाबतींत आपल्याकडील एका प्रयोगाची शिस्त अनुकरणीय आहे. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या पुढाकारानें २००१ मध्यें हैदराबादेहून सोडलेल्या फुग्यानें ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणिले व त्यांत सूक्ष्म जीव आढळले. २००५ च्या दुसऱ्या उड्डाणांतून जीवाणूंच्या तीन नव्या जाति हातीं लागल्या. त्यांतील एकीस फ्रेड हॉइल यांचें व एकीस आर्यभटाचें नांव देण्यांत आलें. इतकें होऊनही, या जीवांचें मूळ पृथ्वीबाहेरचें आहे असें यावरून निश्चित ठरत नाहीं, हें इस्रोनें २००९ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध करतांनाच सांगून ठेविलें. जेवढा पुरावा तेवढेंच विधान, ही रीत याहून चांगली दाखवितां येणार नाहीं.

५. येथवर शास्त्रज्ञांचा प्रांत झाला. आतां तिसरा प्रश्न, आणि त्यासाठीं पुन्हां आमच्या नद्यांकडे वळूं. मुलचेऱ्याच्या पश्चिमेस वर्धा व वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता बनते, व ती दक्षिणेस वाहत जाऊन सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. या खोऱ्यांतील खडक म्हणजे अतिप्राचीन जीवांचें दप्तरच आहे. सिरोंचा तालुक्यांतील पोचमपल्लीच्या परिसरांत सांपडलेलीं एका प्रचंड शाकाहारी सरड्याचीं हाडें १९६१ च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें उकरून गोळा केलीं, आणि १९७५ मध्यें त्या प्राण्यास ‘बारापासॉरस टागोराय’ असें नांव मिळालें. तें उत्खनन रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं झालें, म्हणून त्यांचें नांव त्यांत आहे. हा प्राणी सुमारे १८ ते १९ कोटि वर्षांपूर्वींचा. त्याच्या कुळानें पृथ्वीवर सुमारे १६ कोटि वर्षें राज्य केलें, पण एक अक्षर मागें ठेविलें नाहीं.

पृथ्वीचें वय सुमारे ४५४ कोटि वर्षें. जीवसृष्टीचा जुना पुरावा सुमारे ३५० कोटि वर्षांचा. आपली मनुष्यजाति सुमारे तीन लाख वर्षांची, लेखनकला पांच हजार वर्षांहून थोडी अधिक जुनी, आणि विद्युल्लहरींनीं दूरवर संदेश पाठविण्याची विद्या अवघ्या १३० वर्षांची. म्हणजे बाहेरून कोणी पृथ्वीकडे कान देऊन राहिला असता, तर पृथ्वीच्या आयुष्याच्या साडेतीन कोटि भागांपैकीं एका भागांतच त्यास येथून कांहीं ऐकूं आलें असतें. जीवसृष्टि असणें ही एक गोष्ट, बुद्धि असणें दुसरी, आणि त्या बुद्धीचा आवाज आपल्याच काळीं निघणें ही तिसरी. बरोबरीनें नांदण्याचा सर्व भार या तिसऱ्या गोष्टीवर आहे.

६. एक स्थूल हिशोब करून पाहूं. समजा, पृथ्वीसारख्या प्रत्येक ग्रहाच्या ५०० कोटि वर्षांच्या आयुष्यांत संदेश पाठविणारी संस्कृति एकदांच उदयास येते व हजार वर्षें टिकते. तर कोणत्याही दोन ग्रहांवरील संस्कृतींचे काल एकमेकांस शिवण्याची शक्यता २५ लाखांत एक इतकी निघते. असे ग्रह एक कोटि आहेत असें मानलें, तरी आपले समकालीन चार निघाले. शून्य नव्हेत, हें खरें. परंतु हे चौघे एक लाख प्रकाशवर्षें रुंदीच्या आकाशगंगेंत विखुरलेले असणार. त्यांचें परस्परांतील अंतर बहुधा सहस्रावधि प्रकाशवर्षांचें. पत्र पोंचण्यास कित्येक हजार वर्षें, उत्तर येण्यास तितकींच. आणि लिहिणाऱ्याचें आयुष्य हजार वर्षांचें. मोडी पत्रांवर रवानगीची मिती वेगळी व पैवस्तगीची मिती वेगळी असते, हें संग्राहकांस सांगणें नकोच. येथें त्या दोन मित्यांमध्यें धाडणाऱ्याचें राज्यच बुडालेलें असतें. तात्पर्य, समकालीन असूनही भेट नाहीं आणि पत्रव्यवहारही नाहीं, अशी स्थिति पूर्णपणें संभवनीय आहे.

हीं गृहीतें आम्हीं सोयीसाठीं घेतलीं आहेत; त्यांचे अंक कोणीही बदलावे. संस्कृति हजाराऐवजीं दहा लाख वर्षें टिकते असें मानल्यास २५ लाखांतील एक या जागीं अडीच हजारांतील एक अशी शक्यता येते, व समकालीन चारांचे चार हजार होतात. म्हणजे सर्व प्रश्न अखेरीस एकाच अंकावर येऊन ठेपतो: बुद्धिमान् समाज टिकतो किती? आणि राज्यें, लिप्या व भाषा किती टिकतात, याचा अनुभव ज्योतिष्यांपाशीं नाहीं. तो आपल्यापाशीं आहे.

७. पत्रव्यवहार होत नसेल तर उरतो तो ताम्रपट. आणि असा एक ताम्रपट खरोखरच रवाना झालेला आहे. अमेरिकेच्या व्हॉयेजर या दोन यानांवर, २० ऑगस्ट व ५ सप्टेंबर १९७७ रोजीं, प्रत्येकीं एक सुवर्णाचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आकाशांत गेली. कार्ल सेगन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळीनें तिच्यांतील मजकूर निवडला होता. तींत ५५ भाषांतील अभिवादनें आहेत, व त्यांत मराठीही आहे. संगीताच्या भागांत गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, म्हणजे दुसरें यान सुटल्यावर अकराव्या दिवशीं, निवर्तल्या. गाणारी गेली, गाणें आज २,५०० कोटि किलोमीटरांहून दूर चाललें आहे. दगडावर व तांब्यावर कोरलेलें दुसरें कोणतेंही मराठी याहून लांब गेलेलें नाहीं.

या ताम्रपटांतील दोन बाबी जाणत्यांनीं विशेष ध्यानांत घ्याव्या. एक, त्याच्या आवरणावर युरेनियमचा लेप दिला आहे. तो ठराविक गतीनें क्षीण होत असल्यामुळें सांपडणाऱ्यास पटाचा काल काढितां यावा, ही योजना आहे. आपल्या दानपत्रांतील शकाच्या जागीं ही मिती होय, आणि ती बनावट करतां येणार नाहीं. दुसरी, त्या ५५ भाषांत सुमेरी, अक्कादी व हित्ती या भाषाही आहेत. त्या बोलणारा मनुष्य पृथ्वीवर हजारों वर्षांत उरलेला नाहीं. पाठविणाऱ्यांनीं त्या पंडितांकडून वाचवून घेतल्या. सुमारे ४०,००० वर्षांनीं यांतील एक यान एका ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून जाईल. तोंवर ५५ पैकीं किती भाषा बोलल्या जात असतील, याचा अंदाज सुमेरीच्या अनुभवावरून बांधावा. जो ताम्रपट वाचील तो आपला समकालीन नसेल. तो आपला संशोधक असेल.

८. मग त्या बाजूनें आजवर कांहींच ऐकूं आलें नाहीं, यावरून तेथें कोणी नाहीं असें ठरतें काय? हें ठरवितांना आपला शोध किती पुरा आहे, हें आधीं विचारलें पाहिजे. प्राणहितेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यांत गुंजाळा नांवाचें गोंड गांव आहे. तेथें गोंडी भाषेच्या स्वतंत्र लिपींतील सुमारे डझनभर हस्तलिखितें होतीं. कांहींचा काल १७५० च्या आसपासचा मानितात. एकविसावें शतक उजाडेपर्यंत विद्वानांस त्या लिपीचा पत्ता नव्हता. हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव व त्यांचे सहकारी यांनीं तीं उजेडांत आणिलीं, तेव्हां ती लिपि वाचूं शकणारे गांवांतील मोजके वृद्धच उरले होते. २०१८ मध्यें त्या लिपीस युनिकोडांत स्थान मिळालें. येथें सारखेपणा आहे तो शोध घेणाऱ्यांच्या अज्ञानाचा. सुमारे तीस लाख लोक जी भाषा बोलतात, जी आमच्या मुलचेऱ्याच्या बाजारांत रोज कानीं पडते, तिचीं हस्तलिखितें शेजारच्या जिल्ह्यांत असून आपणांस ठाऊक नव्हतीं. मग दहा हजार कोटि ताऱ्यांतील मौनावरून निर्णय देण्याची घाई कोणीं करावी?

गुंजाळ्याच्या बाबतींत दैव अनुकूल होतें. पोथी व तिचा वाचक एकाच काळीं हयात होते. आणखी वीस वर्षें उशीर होता, तर पोथ्या उरत्या आणि वाचणारा नसता. मग त्यांची गत सिंधु खोऱ्यांतील मुद्रांसारखी झाली असती. त्या मुद्रा तर आपल्यासारख्याच माणसांनीं कोरल्या आहेत, तरी त्या अद्याप सर्वमान्य रीतीनें वाचतां आलेल्या नाहींत.

९. आमचे निष्कर्ष थोडक्यांत असे. परग्रहस्थ बुद्धि संभवते. तिचा निषेध करण्यास आधार नाहीं. ती येथें येऊन गेली यास अस्सल पुरावा नाहीं. लाडबोरीचें कडें माणसाचें ठरतें व कांकेरचीं चित्रें कांहींच सिद्ध करीत नाहींत. आणि ती आपल्या बरोबरीनें नांदत असेल काय, हें ग्रहांच्या संख्येपेक्षां समाजांच्या टिकाऊपणावर अवलंबून आहे. थोडक्यांत मावळणारे समाज विश्वांत कितीही असले तरी ते एकमेकांस परके व अज्ञातच राहणार.

यांतून आमच्या संग्राहक-बंधूंस एक विनंती निघते. प्रा. मयंक वाहिया व डॉ. गणेश हलकारे यांनीं महाराष्ट्र, आंध्र व मध्यप्रदेश यांतील सुमारे पंधरा गोंड गांवांत हिंडून तेथील नक्षत्रज्ञान टिपलें व २०१३ मध्यें प्रसिद्ध केलें. मृगनक्षत्राच्या एका भागांत गोंड लोक नांगर पाहतात, हें त्यांत नोंदलें आहे. पंधरा गांवें म्हणजे आरंभ. मुलचेरा, अहेरी, एटापल्ली व भामरागड या तालुक्यांत रात्रीचें आकाश अद्याप काळें आहे व त्यांतील नांवें जाणणारीं वृद्ध माणसें अद्याप आहेत. त्यांच्या संमतीनें, सांगणाऱ्याचें नांव, गांव व मिती यांसह, तीं नांवें उतरून घ्यावीं, आणि प्रत एका ठिकाणीं न ठेवितां दोन ठिकाणीं ठेवावी. दूरच्या ताऱ्यावरील समकालीन आपणांस भेटतील न भेटतील. अंगणांत खाटेवर बसून आकाशाकडे बोट दाखविणारा समकालीन मात्र आपल्या हयातींतच गांठला पाहिजे. त्याची मिती टळली, तर त्या नक्षत्रांचीं तीं नांवें परत लावून देणारा दुसरा कोणी नाहीं. इत्यलम्.